बिडीवरचा उतारा

सरांचे तळहात केशरी होते. पिवळे नव्हे, केशरी. पिकत आलेल्या पपईच्या सालीवर असतो तसा रंग. तळपायही तसेच. कुणाच्या घरी मांडी घालून बसले की ते तळपाय दिसायचे आणि घरातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या.

सरांना जाऊन सहा वर्षं झाली. आमच्या भागात त्यांचा विषय निघाला की लोक दोन गोष्टी सांगतात. एक, सर फार गाजरं खायचे. दुसरी, सर कुणाचं ऐकायचे नाहीत, म्हणून गेले. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती मी पसरवली आहे. ऐकण्याच्या बाबतीत सरांच्या पासंगाला पुरेल असा माणूस मी माझ्या शहात्तर वर्षांत पाहिलेला नाही.

जळगावात माझं मेडिकलचं दुकान होतं. आता मुलगा बघतो. सर हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि दुकानाच्या मागच्या गल्लीत राहायचे. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. मी फार्मसीचा डिप्लोमा केलेला माणूस, सर्टिफिकेट फ्रेम करून काउंटरच्या वर लावलेलं. बरोबर त्या फ्रेमखाली उभं राहून सर विचारायचे, "काय कंपाउंडर, आज काय खपवलं?" मी चिडायचो. चिडतो म्हणून ते पुन्हा म्हणायचे. पुढे पुढे माझी बायकोसुद्धा घरी विचारू लागली, "कंपाउंडर, भाजी कोणती करू?"

गाजरांचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. सर मूळचे जामनेर तालुक्यातल्या एका खेड्यातले. सहा-सात वर्षांचे असताना पाऊस नसलेल्या एका वर्षात त्यांना रातांधळेपणा आला. दिवसा सगळं ठीक, पण दिवस बुडाला की भिंत धरून चालायचं. आई बोलावते आहे ते ऐकू यायचं, पण आई कुठं आहे ते दिसायचं नाही. घर माळकरी. कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. गावातल्या सुईणीनं आईला सांगितलं, बकऱ्याची कलेजी खाऊ घाल. आईनं गोठ्याच्या मागं तीन दगड मांडले, फुटक्या काठाच्या मडक्यात कलेजी शिजवली आणि मुलाला सलग काही दिवस चारली. तेवढे दिवस ती स्वतः स्वयंपाकघरात शिरली नाही की देवापाशी गेली नाही. एका संध्याकाळी मुलानं आपण होऊन सांगितलं, आई, तुझ्या हातात कंदील आहे. तेव्हा ती मडकं पुरून आली, अंघोळ केली आणि मग रडली.

"तिनं माझ्या डोळ्यांसाठी देव बाजूला ठेवला," सर म्हणाले. "मी नुसती गाजरं खायची आहेत. तेवढंही करू नये का?"

जळगावला बदली होण्याआधी सर बरीच वर्षं धरणगावकडच्या एका गावात शिक्षक होते. तिथं तिन्हीसांजेला ते मुलांना शाळेच्या पटांगणात बोलवायचे आणि भुईमुगाच्या शेंगा उधळायचे. जो जेवढ्या गोळा करेल तेवढ्या त्याच्या. मुलं तुटून पडायची. सर मात्र शेंगांकडे बघायचे नाहीत, हातांकडे बघायचे. ज्याचा हात शेंग सोडून मातीत चाचपडतो, त्याला दुसऱ्या दिवशी सायकलवर बसवून सरकारी दवाखान्यात न्यायचे. गावात अंगणवाडीत सहा-सहा महिन्यांनी नर्सबाई लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचं केशरी औषध पाजायच्या तेव्हा सर शाळा सुटल्यावर तिथं हजर. कोणतं मूल चुकलं, कोणाची आई शेतातून आली नाही, हे नर्सबाईंच्या आधी त्यांना ठाऊक. नर्सबाई म्हणायच्या, "सर, तुम्ही माझी नोकरी करा, मी तुमची करते." सर म्हणायचे, "माझी तुम्हाला जमणार नाही. तिथं रोज प्रश्न विचारतात."

आता ती एकोणचाळीस घरांची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

सरांनी वर्गात शिकवलं होतं की गाजरात अ जीवनसत्त्व असतं, तेव्हा रोज एक गाजर चावून खा. पुढे कुठल्याशा पुस्तकात त्यांनी वाचलं की गाजरात तयार अ जीवनसत्त्व नसतंच. असतं ते बीटा कॅरोटीन, आपलं शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनवतं, आणि पोटात तेला-तुपाचा अंश असेल तर ते अंगाला नीट लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात चूक सांगितली, फळ्यावर लिहिली. कुणीही एवढ्यावर थांबलं असतं. सर थांबले नाहीत. स्वयंपाक पोरं करत नाहीत, आया करतात, असं म्हणून ते शाळा सुटल्यावर घरोघर निघाले. चार संध्याकाळी, एकोणचाळीस घरं.

ही हकीकत मला सरांनी नाही, त्या गावातल्या एका बाईनं सांगितली. पुढे ती जळगावला लेकाकडे राहायला आली आणि माझ्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या न्यायची. तिच्या दारात सर उभे राहिले आणि म्हणाले, माझ्याकडून चुकीचं शिकवलं गेलं, गाजर तेलाच्या फोडणीत घाला, नाहीतर जेवणाबरोबर द्या.

एवढ्याशासाठी सर आले याचं तिला नवल वाटलं. म्हणाली, "इतलासाठे उनात का सर? आमी ते बठ्ठी भाजी तेलमाच करतस!"

सर म्हणाले, "सगळी भाजी तेलातच करता, मग तुमचं बरोबरच आहे. चुकलं माझं होतं."

तेवढ्यात तिच्या सासूनं सरांचे हात पाहिले. "पन सर, हातले हयद लागनी का? कोनं लगीन शे?"

हाताला हळद कुणाच्या लग्नाची, म्हणून सगळं घर हसलं. सरही हसले आणि पुढच्या दाराकडे गेले. मी एकदा त्यांना विचारलं की इतकी पायपीट कशाला, पोरांनी सांगितलं असतं की घरी. सर म्हणाले, "चूक जितक्या दारांनी आत गेली तितक्या दारांनी ती बाहेर काढावी लागते. एका दारानं निघत नाही."

त्या हातांपायी एकदा मोठीच पंचाईत झाली होती. सरांच्या एकुलत्या एका मुलीची सोयरीक धुळ्याला ठरली. साखरपुड्याला मुलीकडचा माणूस म्हणून मीही गेलो होतो. पोह्यांच्या बशा फिरत होत्या. सरांनी बशी पुढं केली तशी मुलाच्या मामांनी हात आखडता घेतला आणि शेजारच्याच्या कानात म्हणाले, "कावीळ दिसते." कानात म्हणाले, पण सगळ्या खोलीनं ऐकलं. मुलीचा चेहरा उतरला.

सरांनी बशी खाली ठेवली, उठून खिडकीपाशी उजेडात गेले आणि दोन्ही डोळ्यांच्या खालच्या पापण्या बोटांनी ओढून धरल्या. "मामा, या इकडे. कावीळ असली की डोळ्यातलं पांढरं पिवळं होतं. माझं पिवळं आहे का? मोठ्यानं सांगा, मागं ऐकू गेलं पाहिजे."

मामा बिचारे उठून गेले. वाकून पाहिलं. "पांढरं आहे," म्हणाले.

"हा गाजराचा रंग आहे. खाणं थांबवलं की उतरतो. तुमचा विश्वास बसत नसेल तर हा आमचा कंपाउंडर बसलाय. सांग रे यांना."

मी घसा साफ करून सांगितलं. औषधांतला माणूस आहे म्हटल्यावर मंडळींनी माना डोलावल्या. पोहे गार झाले, लग्न झालं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. सर चारचौघांत कंपाउंडर म्हणायचे खरे, पण शब्द माझा मागायचे.

बिडी त्यांना ट्रेनिंग कॉलेजात असताना लागली होती. शाळेच्या आवारात कधी ओढली नाही. पण शाळा सुटली की खिशात हात जायचाच. सरांच्या पत्नी वारल्या, मुलगी सासरी गेली, सर निवृत्त झाले आणि बिडी वाढली. मग मुलीनं फोनवर रोज भांडून भांडून ती कमी करायला लावली. रोजच्या बंडलावरून सहावर आले होते. सहाच्या पाच करायच्या खटपटीत होते.

त्याच सुमारास माझ्याकडे बीटा कॅरोटीनच्या कॅप्सूल आल्या. केशरी, मऊ, वाटाण्याएवढ्या. गाजराचं सत्त्व. बिडी-सिगारेटवाल्यांच्या छातीला अशा गोष्टी चांगल्या, असं मी कुणाकडून तरी ऐकलं होतं. कुणाकडून, ते आठवत नाही. दुकानात तीन-चार गिऱ्हाईकं उभी होती. मी मोठ्यानं म्हणालो, "सर, बिडी सोडत नाही तर निदान ही गाजराची गोळी तरी घ्या. बिडीवर उतारा!"

लोक हसले. सर हसले नाहीत. त्यांनी बाटली हातात घेतली. "खात्री आहे तुझी?"

"सर, मी डिप्लोमावाला आहे. कंपाउंडर नाही."

यावर मात्र सर हसले. "बरं. डिप्लोमावाला म्हणतोय तर घेतो."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला, मी शटर वर केलं की सर हजर. माझ्या माठातलं पाणी पेल्यात घ्यायचे, काउंटरवर गोळी गिळायचे आणि समोरच्या लिंबाखालच्या दगडावर जाऊन बिडी पेटवायचे. जाताना म्हणायचे, "उतारा घेतला. आता विष घ्यायला हरकत नाही." सहाच्या पाच काही झाल्या नाहीत. सहाच्या आठ झाल्या. उतारा मिळाल्यावर माणूस कशाला कमी करेल? हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. मला फक्त एवढंच दिसत होतं की रोज सकाळी गिऱ्हाइकांसमोर सर माझ्या सल्ल्याची गोळी घेतात.

सरांची आणखी एक खोड होती. बाटलीवरचं सगळं वाचल्याशिवाय ते तोंडात काही घालायचे नाहीत. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, ऑपरेशन पुढं ढकलत होते. बारीक अक्षर दिसेना तेव्हा नवी बाटली फोडली की माझ्यासमोर धरायचे.

"वाच."

"सर, तेच आहे."

"तेच आहे हे वाचून कळतं, बघून कळत नाही. वाच."

मग मी नाव, मात्रा, बॅच नंबर, तारीख, थंड आणि कोरड्या जागी ठेवावे, मुलांच्या हाती लागू देऊ नये, सगळं मराठी करून मोठ्यानं वाचायचो. गिऱ्हाईकं ताटकळायची. कुणी तरी म्हणायचं, "नाना, आरती संपली की माझं औषध द्या."

अशी चारेक वर्षं गेली. त्या कंपनीचा माल यायचा बंद झाला आणि दुसऱ्या कंपनीची बाटली आली. गोळी तशीच, कागद वेगळा. सरांनी नेहमीप्रमाणे बाटली माझ्यासमोर धरली. काउंटरवर दोन माणसं होती. त्यांतला एक सरांचा जुना विद्यार्थी, आता बँकेत साहेब. तो कौतुकानं ऐकत होता.

मी वाचू लागलो. नाव वाचलं. मात्रा वाचली. थंड आणि कोरड्या जागी वाचलं. त्याच्याखाली एक ओळ होती. जीभ तिथं पोचायच्या आत डोळा पोचला. धूम्रपान करणाऱ्यांनी हे घेऊ नये.

वाचायला किती वेळ लागला असता? मी ती ओळ सोडली आणि खालची वाचली. "मुलांच्या हाती लागू देऊ नये."

"संपलं?" सरांनी विचारलं.

"संपलं."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, माठातलं पाणी प्याले आणि लिंबाखाली गेले.

त्या दिवशी दुपारी दुकानासमोरच्या दवाखान्यातले डॉक्टर आले तेव्हा मी त्यांना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, "बरोबर आहे. बिडी-सिगारेटवाल्यांनी ही जास्त मात्रेत घ्यायची नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका कमी व्हायचा सोडून वाढतो, असं आढळलंय. गाजर खाल्लं तर काही नाही, गोळीचं म्हणतोय मी. का, कोण घेतंय?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

अजून वेळ गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सर येणारच होते. चूक वर्गात सांगून वर एकोणचाळीस घरं फिरणारा माणूस. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं, "सर, काल एक ओळ वाचायची राहिली." ते रागावलेही नसते. फार तर "काय कंपाउंडर!" म्हणाले असते. पण तेच मला नको होतं. बिडीवर उतारा, हे चार वर्षं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मिशीवर हात फिरवून सांगितलं होतं. सर माझ्या शब्दावर जगतात, अशी माझी गल्लीत शेखी होती. ती मला सोडवेना.

मी काय केलं ते सांगतो. नव्या बाटलीतल्या गोळ्या मी सरांच्या जुन्या रिकाम्या बाटलीत ओतल्या. म्हणालो, "सर, हिच्या झाकणाला तुमचा हात बसलाय. नवी फार घट्ट आहे." सर म्हणाले, "शहाणा आहेस." पुढे दर महिन्याला तसंच. आणि दर महिन्याला ते जुनी बाटली पुढं करायचे, "वाच," आणि मी जुना कागद अथपासून इतिपर्यंत वाचायचो. बॅच नंबर आणि तारीख तेवढी नव्या बाटलीवरची सांगायचो, बाकी एक शब्द गाळायचो नाही. त्यावर ती ओळ नव्हतीच.

माल येत नाही, एवढं म्हणालो असतो तरी त्या गोळ्या सुटल्या असत्या. तेही म्हटलं नाही. कारण सर स्वस्थ बसणारे नव्हते. दुसऱ्या दुकानात गेले असते, तिथंही "वाच" म्हणाले असते, आणि तिथल्या माणसानं ती ओळ वाचली असती.

आणखी पाच वर्षं ते माझ्या काउंटरवर ती गोळी घेत राहिले.

खोकला आधी उन्हाळ्याचा म्हणाले, मग धुळीचा. मग रुमालावर लाल दिसलं. डॉक्टरांनी फोटो काढला, पुढं तपासण्या झाल्या आणि मुलगी येऊन त्यांना धुळ्याला घेऊन गेली. जाताना गाडी दुकानापाशी थांबवायला लावली. काच खाली करून म्हणाले, "कंपाउंडर, महिन्याचा उतारा दे बरोबर." मी दिला. जुन्या बाटलीत भरून दिला. फुप्फुसाचा कॅन्सर आहे हे मला कळलं होतं, तरी दिला.

दोन महिन्यांनी मी धुळ्याला भेटायला गेलो. सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. पारोळा जाईपर्यंत वाक्यसुद्धा जुळवून झालं होतं. सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. त्यांनी दोन्ही हात माझ्यापुढं उघडले. तळहात पांढुरके झाले होते, साध्या माणसासारखे.

"बघ, रंग उडाला. खाणंच जात नाही. मामांना बोलवा म्हणावं, आता कुणी कावीळ म्हणणार नाही."

मुलगी चहा घेऊन आली. सर तिला म्हणाले, "या माणसानं मला नऊ वर्षं उतारा दिला. नाहीतर बिडीनं कधीच नेलं असतं."

मी चहा प्यालो आणि साडेचारच्या बसनं परत आलो.

बिडी एकटीच पुरेशी होती, हे मला कळतं. गोळीनं त्यात किती भर घातली ते कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. मी हा हिशेब स्वतःशी पुष्कळदा करून पाहिला आहे आणि दर वेळी तो माझ्या सोयीचाच निघाला आहे. म्हणून आता करत नाही.

सर धुळ्यालाच गेले. दहाव्याला पांझरा नदीच्या काठावर पिंडदान उरकलं, लोक पांगले. मुलगी माझ्यापाशी आली. डोळे सुजलेले. म्हणाली, "नाना, एक विचारू? आबा घ्यायचे त्या गोळ्यांबद्दल मी वाचलं. बिडी ओढणाऱ्यानं त्या घ्यायच्या नसतात. तुम्हाला ठाऊक होतं?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "होतं ना. कितीदा सांगितलं त्यांना. ऐकलं नाही. तुला तर स्वभाव माहीत आहे."

ती नदीकडे वळली. मग म्हणाली, "मला वाटायचं, निदान तुमचं तरी ऐकतात."

एकदा बोललेलं खोटं वारंवार बोलावं लागतं. दुकानात जो येईल तो सरांची चौकशी करायचा, आणि मी सांगायचो, "काय करणार, ऐकायचे नाहीत." इतक्यांदा सांगितलं की लोक मलाच ते परत सांगू लागले. "नाना, तुम्ही इतकं समजावलं, पण सर हट्टी ना!" मी मान हलवायचो.

या वर्षी सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ठरवलं की शाळेत त्यांच्या नावानं विज्ञानाचं बक्षीस ठेवायचं. मुलीची परवानगी घ्यायला बँकेतला तो साहेब धुळ्याला गेला. तिनं नाही म्हणून सांगितलं. तो परत येऊन माझ्या काउंटरवर टेकला. "ताई म्हणाल्या, ज्याला स्वतःच्या जिवाचं सांगितलेलं ऐकता आलं नाही, त्याच्या नावानं विज्ञानाचं बक्षीस कशाला? मुलांनी त्यातून काय शिकायचं? त्यांचंही बरोबरच आहे म्हणा, नाना. तुम्ही स्वतः किती सांगितलं होतं."

ती ओळ सोडली त्या दिवशी हाच माणूस काउंटरवर उभा होता. मी त्याला म्हणालो, "थांब. बक्षिसाचं बंद करू नकोस." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याची बस धरली.

मुलीच्या दारात सरांनी लावलेला शेवगा आहे. ती ओट्यावर त्याचा पाला निवडत बसली होती. मला बघून उठू लागली. मी म्हटलं, बस, आधी ऐकून घे. उभ्यानंच सगळं सांगितलं. सोडलेली ओळ, डॉक्टर, जुनी बाटली, नदीवरचं बोलणं. तिचे हात पाल्यात तसेच राहिले.

ती म्हणाली, "ओळ काय होती?"

मी हळूच सांगितली.

"मोठ्यानं सांगा."

"धूम्रपान करणाऱ्यांनी हे घेऊ नये."

"आबांनी ऐकली असती तर काय म्हणाले असते?"

"म्हणाले असते, परत वाच."

"मग?"

"मग गोळी तिथंच काउंटरवर ठेवली असती."

"आणि बिडी?"

"बिडीचं मला सांगता येत नाही."

"मला येतं. सोडली नसती." ती हसते आहे असं क्षणभर वाटलं, पण तसं नव्हतं. "पण उतारा नाही म्हटल्यावर परत सहावर आले असते. रोज भांडले असते मी फोनवर. पाचवर आणले असते." पदरानं तोंड पुसून ती म्हणाली, "सहा वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय, नाना. श्राद्धाला पान वाढतानासुद्धा मनात भांडत होते. कुणाचंच कसं ऐकलं नाही तुम्ही, म्हणून."

ती पुन्हा पाला निवडू लागली.

"बक्षिसाचं मी त्यांना कळवते," ती म्हणाली. "तुम्ही कुणाकुणाला सांगितलंत, आबा ऐकत नव्हते म्हणून?"

"दुकानात येईल त्याला. आता कुठं आठवणार?"

"आठवा." तिनं पाल्याची टोपली उचलली. "आणि जा त्यांच्याकडे. आबा गेले असते तसे."

ती आत गेली. पाणी विचारलं नाही, चहा विचारला नाही. मी शेवग्याखाली थोडा वेळ उभा राहिलो आणि स्टँडवर आलो.

आतापर्यंत मला सत्तेचाळीस घरं आठवली आहेत. काही माणसं वारली आहेत, काही पुण्या-नाशिकला मुलांकडे गेली आहेत. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत. ज्यांच्यापर्यंत मी पोचणार नाही त्यांच्यासाठी हे लिहिलं आहे. त्यांनी हे वाचावं आणि ज्यांना त्यांनी सांगितलं असेल त्यांना सांगावं.

काल नशिराबादला गेलो होतो. तिथल्या एका बाईंचा मुलगा सरांच्या हाताखाली शिकला. बाई वीस वर्षं माझ्याकडे औषधाला येत. त्यांनी पंखा लावला, पाणी दिलं. मी जे सांगायचं ते सांगितलं. त्या गोंधळल्या.

"एवढ्या उन्हात एवढंच सांगायला आले तुम्ही, नाना?"

"हो."

"पण आम्ही तर आजवर समजत होतो, सर ऐकायचेच नाहीत. म्हणजे ऐकायचे?"

"ऐकायचे," मी म्हणालो. "मी वाचलं नाही."